गृहकर्ज नाकारलं, सिबिल ६७१. सेटलमेंटचे उरलेले पैसे भरावेत का?

नवखा_खातेदार
नमस्कार मंडळी. माझा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुण) ६७१ आहे आणि गृहकर्ज नाकारलं गेलं. पगार चांगला आहे, हप्ते वेळेवर जातात. २०२१ मध्ये एका क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलं होतं (थकबाकीतला काही भाग भरून खातं मिटवलं), तेच आडवं येतंय असं बँकेत सांगितलं. उरलेली रक्कम भरून टाकली तर स्कोअर कितीने वाढेल आणि किती दिवसांत? एक एजंट पैसे घेऊन ४५ दिवसांत ७५० करून देतो म्हणतोय. त्याच्याकडे जावं का?

खतावणी
एवढ्या माहितीवर कोणी आकडा सांगितला तर तो ठोकून देतोय असं समजा. ६७१ वरून कारण कळत नाही. ते अहवालात एकेका खात्यापुढे लिहिलेलं असतं, त्यामुळे आधी पूर्ण अहवाल काढा. फोनवरच्या ॲपमधला आकडा धरू नका. तो बऱ्याचदा एक्सपीरियन किंवा सीआरआयएफ हाय मार्कचा असतो आणि आपण सरसकट सगळ्याला सिबिल म्हणतो. या दोन, सिबिल आणि इक्विफॅक्स अशा कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअर घटत नाही.

मग प्रत्येक खात्याचं एवढं लिहा: कर्जाचा प्रकार, मालकी (वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार), चालू शिल्लक, 'अमाउंट ओव्हरड्यू' (थकलेली रक्कम), स्टेटस आणि कार्ड असेल तर त्याची मर्यादा. डीपीडीच्या (हप्ता किती दिवस थकला, त्याच्या) ३६ महिन्यांच्या चौकटींत ०००, एसटीडी (खातं सुरळीत) किंवा एक्सएक्सएक्स सोडून काही असेल तर ते महिने. (एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. त्याने घाबरू नका.) शेवटी गेल्या वर्षभरातल्या एन्क्वायरी, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून बँकांनी तुमचा अहवाल मागवल्याच्या नोंदी. जी खाती तुम्हाला बिनमहत्त्वाची वाटतात तीसुद्धा लिहा.

पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक आणि अहवालाचा कंट्रोल नंबर मात्र इथे टाकू नका.

एजंटला अहवाल किंवा ओटीपी अजिबात देऊ नका. हे लोक बहुतेक वेळा तुमच्या नावाने दिसेल त्या खात्यावर हरकत नोंदवतात. बँकेच्या होकाराशिवाय सिबिलला नोंद बदलता येत नाही. बँकेने 'आमची माहिती बरोबर आहे' असं कळवलं की सगळं होतं तिथेच, आणि पैसे गेलेले.

नवखा_खातेदार
सिबिलच्या साइटवरून काढला.
१. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक. स्टेटस सेटल्ड, जून २०२१. थकबाकी १,१२,००० होती, ४८,००० भरून मिटवलं.
२. दुसरं कार्ड, वैयक्तिक. मर्यादा ६०,०००, शिल्लक ५१,४००. डीपीडी सगळे ०००.
३. दुचाकी कर्ज, क्लोज्ड.
४. ट्रॅक्टर कर्ज, मालकी 'गॅरंटर'. शिल्लक ३,८६,०००, ओव्हरड्यू ५८,२००. डीपीडी शेवटचे तीन महिने ०२८, ०५९, ०८९. हे चुलतभावाचं आहे, माझं नाही म्हणून आधी लिहिलं नव्हतं.
५. दोन महिन्यांत ५ एन्क्वायरी, सगळ्या गृहकर्जाच्या.

खतावणी
चार नंबर. सेटलमेंट तूर्त बाजूला ठेवा.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते (भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८). चुलतभावाचा सहामाही हप्ता थकला की त्याच्या अहवालात जी नोंद होते तीच तुमच्याही. ०८९ म्हणजे ८९ दिवस उलटलेत. बहुतेक कर्जांत ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीएकडे (बुडीत कर्जांत) जातं. शेतीकर्जाला पीक-हंगामाचे वेगळे निकष लागू शकतात, पण गृहकर्जवाला ते बघत बसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे चालू थकबाकी असते.

उद्याच शाखेत जा. पूर्ण कर्ज फेडायची गरज नाही. दंडासकट आजची थकबाकी किती ते लेखी घ्या, कारण अहवालातला ५८,२०० हा मागच्या तारखेचा आकडा आहे. दोनशे रुपये जरी कमी पडले तरी ओव्हरड्यू शून्यावर येत नाही. चुलतभाऊ भरत असेल तर उत्तम. तुम्हाला भरावे लागले तर स्वतःच्या बँक खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, त्याच्या हातात रोख देऊ नका. पावतीवर 'जामीनदारातर्फे' असं लिहून घ्या. कलम १४५ नुसार ही रक्कम तुम्हाला त्याच्याकडून मागता येते, पण भरल्याचा कागद हवा.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला या कंपन्यांना माहिती पाठवावी लागते, म्हणजे महिनाभरात ओव्हरड्यू शून्य दिसायला हवा. मागचे ०२८, ०५९, ०८९ तसेच राहतील. ते खरे आहेत, त्यावर हरकत घेऊन उपयोग नाही. शून्य दिसलंच नाही तर पावती जोडून बँकेकडे आणि सिबिलकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

दुसऱ्या कार्डावर मर्यादेच्या ८६ टक्के वापर आहे. हप्ते वेळेवर असले तरी हे खुपतं. शिल्लक १८,००० च्या (मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या) खाली आणा, आणि तीही स्टेटमेंट निघायच्या आधी. बऱ्याच बँका स्टेटमेंटवरची शिल्लकच कळवतात, त्यामुळे नंतर पूर्ण बिल भरूनही अहवालात ८६ टक्केच दिसत राहतात. हे सगळं होईपर्यंत सहावा अर्ज करू नका.

मुद्दल_व्याज
क्रम बरोबर आहे, पण सेटलमेंट फार काळ बाजूला ठेवू नका. स्कोअर कितीही असो, अहवालात 'सेटल्ड' दिसलं की काही गृहकर्जवाले फाइल पुढे सरकवतच नाहीत. 'सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं' हे ऐकलं असेल तर सोडून द्या. सात वर्षं ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत आहे.

उरलेले ६४,००० आधी भरू नका. सेटलमेंटच्या पत्रात हिशेब कायमचा मिटल्याचं लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतर पैसे दिले तरी स्टेटस बदलायला बँक बांधील नाही. पैसे जमा होतात आणि 'सेटल्ड' तसंच राहतं, हा घोळ नेहमीचा आहे. आधी कार्ड विभागाला ईमेल करा: 'माफ केलेली रक्कम भरायची तयारी आहे. अचूक आकडा, भरायचं खातं, आणि भरल्यानंतर चारही कंपन्यांकडे स्टेटस क्लोज्ड व सेटलमेंट रक्कम शून्य कळवाल का, हे लेखी द्यावे.' लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून होकार आला तरच भरा. वसुली एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मग 'नो ड्यूज' पत्र घ्या.

कार्डाचं खातं कुठल्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला (बँकांची थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं गेलंय का तेही अहवालात बघा. तसं असेल तर हा सगळा पत्रव्यवहार त्या कंपनीशी करावा लागेल.

नवखा_खातेदार
दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका. बायकोचा स्कोअर ७८० आहे. तिच्या एकटीच्या नावावर अर्ज केला तर?

खतावणी
घराच्या करारात तुमचं नाव असेल तर बहुतेक बँका सहमालकाला सहअर्जदार करतातच, मग तुमचाही अहवाल निघतो. घर फक्त वहिनींच्या नावावर आणि हप्ता त्यांच्या एकटीच्या पगारात बसत असेल तर जमू शकतं. अर्ज करण्याआधी शाखेत हेच विचारा, आणि अहवाल काढण्याच्या संमतीवर सही त्यानंतरच करा.