वाळक्या फांद्या काढायला झाडावर चढायचंय: पट्टा कुठला, दोर कुठला, आणि चेन-सॉ वाकडी का कापते?

सिमरोल_वाडी
नमस्कार मंडळी. इंदूरहून खंडवा रोडला लागलं की सिमरोलच्या अलीकडे आमची वाडी आहे. एक जुनी चिंच, आंबे, कडुनिंब आणि घराच्या अगदी अंगावर आलेला गुलमोहर. परवाच्या वावटळीत गुलमोहराची फांदी गोठ्याच्या पत्र्यावर आली. अजून तीन-चार वाळक्या फांद्या वर लटकतायत. आई आता अंगणात खाट टाकत नाही. गावातला एकजण कमरेला कासरा बांधून कुऱ्हाड घेऊन चढतो, पण त्याला तसं वर पाठवायला माझं मन धजत नाही. त्यालाही धड सामान द्यावं आणि स्वतःही शिकावं असं मनात आहे.

प्रश्न दोन. बांधकामावर वापरतात तो पाठीला कडी असलेला सेफ्टी बेल्ट झाडावर चालेल का? दुसरा, माझ्याकडे 58 सीसीची पेट्रोल चेन-सॉ आहे, 22 इंची बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी). आधी छान कापायची. आता काप उजवीकडे ओढला जातो, लाकडातून धूर निघतो आणि खाली नुसतं पीठ पडतं. कुठली कानस आणू?

दोरावरचा
दादा, चिंता रास्त आहे. मी पचमढीच्या कड्यांवर दोर शिकलो आणि आता इंदुरात झाडांचीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तो बेल्ट आय.एस. 3521 या भारतीय मानकाचा असला तरी त्याचं काम वेगळं आहे. पडणाऱ्या माणसाला अडवायचं, एवढंच. पाठीच्या कडीवर लटकलात की हात दोराच्या गाठीपर्यंत पोचत नाहीत, स्वतःहून खाली येता येत नाही, आणि मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. असा लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. झाडावर बसता येईल असा हार्नेस लागतो: मांड्यांना रुंद पट्टे, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या, आणि पुढे दोर अडकवायची जागा. वजन मांड्यांवर येतं, दोन्ही हात मोकळे राहतात.

दोर 11.5 ते 13 मिमी जाडीचा, कमी ताणणारा. दोराच्या पट्टीवर ताकद 22 किलोन्यूटन किंवा जास्त लिहिलेली पाहा. गिर्यारोहणाचा डायनॅमिक, म्हणजे वजन आलं की लांबणारा, दोर इथे नको, त्यावर बसून काम करताना माणूस सारखा वरखाली होतो. ट्रकवर माल बांधायचा पिवळा-निळा दोर तर अजिबात नको. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, गाठ घासली की वितळतो. कॅराबिनर (दोर अडकवायचे धातूचे हूक) आपोआप बंद होणारे आणि तीन हालचालींशिवाय न उघडणारे घ्या.

दोर वर न्यायला आधी बारीक दोरीला 300 ग्रॅमची वाळूची थैली बांधून फांदीवरून टाकायची आणि तिच्यामागे मुख्य दोर ओढायचा. फांदी हिरवी, निदान 10 सेंमी जाड आणि खोडाजवळची. गुलमोहरावर त्याहून जाड निवडा, ते लाकूड ठिसूळ असतं. चढण्याआधी दोघांनी मिळून त्या दोराला खालूनच लोंबकळायचं. कुरकुर ऐकू आली तर ती फांदी सोडून द्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं: एक मुख्य दोर, दुसरा खोडाभोवती घेतलेला आखूड पट्टा. दोर चुकून कापला गेला तरी माणूस जागेवर राहतो. या पट्ट्यात तारेचा गाभा असतो, पण तो हातकरवतीपुरता. चेन-सॉपुढे तोही टिकत नाही.

म्हणूनच ती 58 सीसी वर न्यायचीच नाही. बार-चेनसकट सात किलोच्या आसपास भरते आणि तिला दोन्ही हात लागतात. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला तर उलटा झटका तोंडाकडे येतो. वर वाकडी, ओढताना कापणारी हातकरवत न्या, म्यानात घालून. मनगटाएवढी वाळकी फांदी तिनं बघता बघता निघते. फांद्या खाली आल्या की मग ओंडके करायला तुमची सॉ. शिडीवर उभं राहून चेन-सॉ कधीच नाही.

टूस्ट्रोक_काका
बाळा, सॉचं मी सांगतो. पीठ पडतंय म्हणजे धार गेली. धारदार चेन ढलप्या काढते आणि स्वतःच लाकडात शिरते, दाबावी लागत नाही. बोथट चेनवर जोर देऊन बार तापतो, धूर त्याचाच.

काप ज्या बाजूला ओढतो त्या बाजूचे दात जास्त धारदार किंवा लांब असतात. तुझे डावे दात मेलेत. एका हाताला कानस नीट चालते, दुसऱ्याला नाही, म्हणून बहुतेकांचं हेच होतं. तुझ्या सॉला बहुधा 0.325 इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराच्या मापाची) चेन असेल. तिला 4.8 मिमीची गोल कानस. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्याकडे मापानं माग, अंदाजानं उचलू नकोस. सर्वात छोटा दात शोध आणि बाकी सगळे त्याच्या लांबीवर आण. कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं, 30 अंशांत. परत आणताना उचलायची. बहुतेक दातांवर त्या कोनाची रेघ कोरलेली असते. दातापुढची ठोकळी धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवी. ती उंच राहिली तर कितीही धार लाव, पीठच पडणार.

एवढं करूनही वाकडी चालली तर बार काढ. खाचेच्या दोन कडांपैकी एक झिजलेली असेल. बार सपाट फरशीवर कडेवर उभा कर. सरळ उभा न राहता कलला तर कडा चपट्या कानशीनं सारख्या कराव्या लागतील. पुढे दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवत जा, दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

जळकं ऑइल चेनला घालू नकोस. त्यात लोखंडाचा चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. ऑइल येतंय का बघायला टोक पांढऱ्या पुठ्ठ्याकडे धरून रेस दे. शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारच्या बुडाचं बारीक भोक भुशानं बुजलंय, तारेनं साफ कर.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल किती, ते तुझ्या पुस्तकात बघ. 25:1 असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20. मिसळलेलं महिनाभर ठेवू नकोस. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि कार्बोरेटरचा पडदा खराब करतं. काम संपलं की टाकी रिकामी कर आणि सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव. चेनही ढिली कर. गरम असताना ताणलेली चेन गार होताना आक्रसते आणि क्रँकवर ताण येतो.

सिमरोल_वाडी
काका, दादा, मनापासून आभार. बार कललाच, काका. डावीकडची कड खाली आहे. एक राहिलं: चिंचेच्या एका फांदीखालून विजेची तार जाते. आणि गुलमोहराच्या बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी उगवलीय.

वनस्पती_ताई
त्या अळंबीकडे दुर्लक्ष करू नका. बुंध्याची किंवा मुळांची आतून कुज झाल्याची ती खूण असते. लाकडी हातोड्यानं बुंधा सगळीकडून ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर त्या झाडावर कुणीही चढायचं नाही. ते अख्खं झाडच काढावं लागेल. नगर हद्दीत असाल तर 2001 च्या मध्यप्रदेश वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. हद्दीबाहेर असाल तर पंचायतीत आणि तहसीलला विचारा.

आंबा-चिंचेच्या हिरव्या फांद्या कापाल तेव्हा फांदीच्या मुळाशी जे फुगीर, सुरकुतलेलं कडं असतं ते वाचवा. आधी हातभर बाहेर खालून छेद द्या, मग त्याच्या थोडं बाहेर वरून, आणि उरलेला खुंट शेवटी कड्यालगत. नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलून नेते. ॲलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञानं हजारो खोडं उभी चिरून दाखवलं होतं की झाड जखमेला आतून कोंडून टाकतं. ती कोंडणारी भिंत याच कड्यातून उभी राहते. वर डांबर फासू नका.

दोरावरचा
ताईंशी पूर्ण सहमत. गुलमोहरावर आता कुणीच चढू नका. ठोकून आवाज पोकळ आला तर ते काम क्रेनच्या पाळण्यातून करून घ्या, खर्च झाला तरी चालेल.

चिंचेच्या तारेसाठी वीज कंपनीकडे अर्ज करून लाइन बंद करून घ्या आणि ती बंद असल्याचं लाइनमनकडून स्वतः समोर उभं राहून खात्री करून घ्या. ओली फांदी वीज वाहते, तारेला हात लागायची गरज नसते.

गावातल्या त्या भाऊंना पहिले काही दिवस आंब्यावर, जमिनीपासून दोन माणसांच्या उंचीवर, नुसतं दोरावर बसायला आणि उतरायला लावा. करवत हातात नको. खाली एकजण सतत हवा, आणि त्यालाही दुसऱ्या दोरावर चढता आलं पाहिजे. आधी आग्या मोहोळ आहे का ते नीट बघा.

कानस आणायला जाण्याआधी बारच्या बुडाशी कोरलेला आकडा इथे टाका. 0.325 ऐवजी 3/8 लो-प्रोफाइल (बुटक्या दातांची) चेन निघाली तर कानस 4 मिमीची लागेल.