४०च्या किटला ४६चं इंजिन
रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या चाळीसच्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) किटला सेहेचाळीसचं इंजिन चालेल का, असं एकाने विचारलंय. किटवाल्याने मनाई केली नसेल तर बिनधास्त बसवा. चाळीस म्हणजे ०.४० घनइंचाचं इंजिन, साधारण ६.५ सीसी; सेहेचाळीस म्हणजे ०.४६, साधारण ७.५ सीसी. वजनात फरक किरकोळ, पण गवतावरून उचलताना ती जादा ताकद कामी येते. नाक जड झालंच तर बॅटरी मागे सरकवा. प्लॅनवरच्या खुणेवर, पंखाखाली दोन बोटं टेकवून तोल बघितल्याशिवाय मात्र उडवू नका. माझं पहिलं विमान शेपटीला जड होतं. वर गेलं, थबकलं आणि सरळ ज्वारीत! बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) काड्या वेचत बसलो. आणि हो, नव्या इंजिनात इंधनाच्या पहिल्या दोन-तीन टाक्या संपेपर्यंत सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) जरा मोकळीच ठेवा, म्हणजे इंधन जास्त जाईल. पांढरा धूर, तेलाचे शिंतोडे, गुरगुरता आवाज... तेच हवं.