सल्ला हवा: सेव्हिंग्ज प्लॅनचा खर्च सीएंना कुठल्या रिपोर्टमधून दाखवू?

पाटो_पणजी: हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर, एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा), मुंबई रीजन. कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन (दर तासाला ठराविक रकमेची हमी द्यायची, बदल्यात सर्व्हरच्या दरात सूट) घ्यायचाय, १ वर्षाचा, तासाला १ डॉलरच्या आत. आगाऊ रक्कम भरायची नाही.

फोंडेकर: ऑल अपफ्रंटच (सगळी रक्कम आगाऊ) घ्या, तेही ३ वर्षांचं. सूट त्यातच जास्त. आम्ही तेच घेतलंय.

म्हापशाची_ताई: भाऊ, आगाऊ नको म्हणतायत ते. शिवाय १ वर्षाचं ऑल अपफ्रंट धरलं तरी तासाला १ डॉलर म्हणजे वर्षाचे ८,७६० डॉलर. कॉस्ट एक्सप्लोररच्या (एडब्ल्यूएसचा खर्च दाखवणारं पान) अनब्लेंडेडमध्ये, म्हणजे बिल लागेल तसा खर्च दाखवणाऱ्या पर्यायात, ते सगळे खरेदीच्या दिवशीच पडतात. अमॉर्टाइज्ड (खर्च मुदतीभर वाटून दाखवणारा पर्याय) निवडलं तर रोजचे २४ दिसतात.

साखळीकर: रिझर्व्ड इन्स्टन्स (ठराविक सर्व्हर मुदतीसाठी सवलतीत राखून ठेवणं) बरे. आरडीएसला (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) कॉम्प्युट प्लॅन लागूच होत नाही.

फोंडेकर: आणि वर १८ टक्के जीएसटी, तो कोण धरणार?

पर्वरी_रात्रपाळी: खात्यात जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाकलेला असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं, ते सीए बघतील. मूळ प्रश्नाकडे या. सीयूआर फाइलमध्ये (एडब्ल्यूएसचा खर्चाचा ओळवार तपशील) कव्हर्ड युसेजची, म्हणजे प्लॅनखाली आलेल्या वापराची, ओळ ऑन-डिमांड (बिनसवलतीच्या) दरानेच येते, निगेशनची ओळ तेवढीच रक्कम वजा करते आणि रिकरिंग फी (प्लॅनची ठरलेली रक्कम) वेगळ्या ओळीत असते. एक्सेलमध्ये पिव्होट करून बेरीज काढताना निगेशन गाळलीत की तोच वापर दोनदा मोजला जातो. प्रत्येक सर्व्हरचा खरा, सवलतीनंतरचा खर्च इफेक्टिव्ह कॉस्टच्या रकान्यात मिळेल. फीच्या ओळीवर तुमच्या सर्व्हरचे टॅग (कुठल्या हॉटेलचा ते सांगणाऱ्या खुणा) नसतात, म्हणून हॉटेलनिहाय वाटणी अनब्लेंडेडवरून जमत नाही. वाया गेलेली रक्कम हवी तर फीच्याच ओळीत टोटल कमिटमेंट टू डेटमधून (आतापर्यंतची ठरलेली रक्कम) युज्ड कमिटमेंट (त्यातली वापरलेली) वजा करा.

म्हापशाची_ताई: इफेक्टिव्ह कॉस्ट म्हणजे अमॉर्टाइज्डचाच हिशोब, मीही तेच म्हणतेय. पण आधी कमिटमेंटचा (तासाला हमी द्यायच्या रकमेचा) आकडा नीट ठरवा. न वापरलेला तास पुढे ढकलता येत नाही. डिसेंबरची गर्दी बघू नका, जुलैतल्या रात्रीचा सगळ्यात कमी वापर धरा, तोही सवलतीच्या दराने. ऑन-डिमांडचा आकडा टाकलात तर कमिटमेंट जास्तीची होते. नंतर युटिलायझेशन (कमिटमेंटपैकी किती वापरली) तपासा. कव्हरेज (एकूण वापरापैकी किती प्लॅनखाली आला) १०० टक्के करायच्या मागे लागू नका, सीझनचा वरचा भाग ऑन-डिमांडवर जाऊ दे.

फोंडेकर: ३ वर्षांचं घ्या, परत सांगतो.

पाटो_पणजी: सगळ्यांचे आभार. तासाला ०.४० डॉलर, नो अपफ्रंट (आगाऊ काही नाही) घेतोय. सीएंना मात्र अनब्लेंडेडच देणार, त्यांना इन्व्हॉइसशी ताळा जुळवायचा असतो. आगाऊ काही नसल्यामुळे या प्लॅनची महिन्याची बेरीज अनब्लेंडेड आणि अमॉर्टाइज्ड दोन्हीकडे सारखीच येते. वाटणीसाठी इफेक्टिव्ह कॉस्ट माझ्यापुरती काढेन.

साखळीकर: मग आरडीएसचं काय?