अमेरिकेतल्या हॅनफर्डची ‘बी’ अणुभट्टी आपोआप का मंदावली?

घणसोलीकर: शनिवारी ऐरोलीत मुलांपुढे बोलायचंय. सप्टेंबर १९४४ मध्ये ही भट्टी सुरू झाल्यावर काही तासांत विझत गेली. पाण्याची गळती?

कोपरी_पूर्व: नाही, झेनॉन-१३५. विखंडनातून (अणू फुटण्यातून) आयोडिन-१३५ बनतं, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) साडेसहा तास. त्याचं होतं झेनॉन, न्यूट्रॉन गिळणारा बकासुर! आणि न्यूट्रॉन कमी पडले की साखळी अभिक्रिया थांबते. त्याचं अर्धायुष्य ९ तास, म्हणून बंद ठेवल्यावर भट्टी पुन्हा जागी झाली. या वेळांवरूनच भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर यांनी चोर पकडला.

नौपाडा७: उपाय आधीच बांधलेला होता. हिशेबाने इंधनाच्या १५०० नळ्या पुरेशा. भट्टी बांधणाऱ्या ड्यू पाँट कंपनीच्या अभियंत्यांनी २००४ ठेवल्या. जास्तीच्या नळ्यांत युरेनियम भरलं, झेनॉनने गिळलेल्या न्यूट्रॉनची भरपाई झाली.

घणसोलीकर: मग शिकागोच्या पहिल्या भट्टीत हे दिसलं कसं नाही?

कोपरी_पूर्व: ती फार तर २०० वॅटवर चालली. तेवढ्यात झेनॉन कितीसं साचणार?