फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्या हॉस्पिटलात चालते का?

तन्वी_फलटण
आईला (वय ६६) जिना चढताना छातीत दाटून येतं, थांबलं की कमी होतं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, स्ट्रेस टेस्ट (टीएमटी, पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली. आता अँजिओग्राफीसाठी पुण्यातल्या एका हॉस्पिटलची चिठ्ठी दिलीय. त्यात एवढंच: 'टीएमटी पॉझिटिव्ह, पुढील उपचारांसाठी पाठवत आहे.' तिथे फोन केला तर महात्मा फुले योजना नाही म्हणाले. आमचं रेशन कार्ड केशरी. दुसरीकडे नेऊ म्हटलं की आई म्हणते, "डॉक्टरांना काय वाटेल? इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलंय." भाऊ म्हणतो, यात डॉक्टरांचा कट, म्हणजे कमिशन असणार. काय करू?

निवृत्त_सिस्टर
तन्वी, चिठ्ठी कुठेही चालते. मी बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात काढली. दोन ओळींची चिठ्ठी घेऊन पेशंट आला की आमचा पहिला वेळ घरच्यांना विचारण्यातच जायचा, आणि घाबरलेल्या माणसांना गोळ्यांची नावं आठवत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडे परत जा आणि सविस्तर लिहून मागा: बीपी-शुगर कधीपासून, कुठली गोळी किती मिलिग्रॅम, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, ॲलर्जी कशाची, आणि हल्लीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी). अँजिओग्राफीत सोडतात तो डाय किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून हे शेवटचं फार महत्त्वाचं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर थांबवायची का, कधी, तेही विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. टीएमटीचा नुसता रिपोर्ट नको, आलेखाचे कागदही न्या.

भावाला सांगा, कट घेणं मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार निषिद्ध आहे आणि तरी तो प्रकार चालतो, हे खरं. पण ओळखीचा कार्डिओलॉजिस्ट रात्री-बेरात्री फोन उचलतो म्हणून तिकडे पाठवणारेही पुष्कळ पाहिलेत मी.

आणि बसल्या जागी दुखू लागलं, घाम फुटला, तर चिठ्ठी, योजना, पुणे सगळं बाजूला. १०८ला फोन करा, थांबू नका.

बारामतीकर
२०२३च्या निर्णयाने योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून ५ लाख झाली. अँजिओप्लास्टी बसते, नुसत्या अँजिओग्राफीचं हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांना (योजनेचे मदतनीस) आधी विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवकांना भेटा.

रेवती_सांगली
बाबांच्या वेळी आम्ही डॉक्टरांना सरळ सांगितलं, खर्च झेपणार नाही. त्यांनी लगेच दुसरी चिठ्ठी लिहिली, वर स्वतःचा मोबाइल नंबर घातला. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी खरंच त्यांना फोन केला! डिस्चार्ज कार्ड मात्र आठवणीने आपल्या डॉक्टरांना दाखवा. बाबांना हॉस्पिटलने दिलेली क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) आणि घरातली जुनी गोळी, नावं वेगळी पण औषध एकच. दोन्ही चालू होत्या. ते डॉक्टरांनीच पकडलं.

तन्वी_फलटण
सिस्टर, रेवतीताई, दादा, मनापासून आभार. आईचं क्रिएटिनिन केलेलंच नाहीये. उद्या सकाळी रक्त देऊन तिलाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाते. योजनेचं तिच्यासमोरच विचारते, म्हणजे त्यांना वाईट वाटतं का ते तिला त्यांच्याच तोंडून कळेल.