दोन इंच बर्फात शहर बंद: घाबरटपणा की शहाणपण?

गारवा (धागाकर्ता)

दर हिवाळ्यात तोच व्हिडिओ फिरतो. अमेरिकेच्या दक्षिणेत कुठेतरी दोन इंच बर्फ पडलेला, गाड्या उतारावरून आडव्या घसरतायत, शाळांना सुट्टी, दुकानातलं दूध-ब्रेड संपलेलं. खाली थंड उत्तरेकडच्या, मिनेसोटा-टोरांटोकडच्या मंडळींची हसाहशी, त्यात आपली मराठी माणसंही हिरीरीने सामील. इकडेही तेच. मुंबईत पारा १५ वर उतरून स्वेटर बाहेर पडले की दिल्लीकर हसतो, आणि दिल्लीकराला श्रीनगरचा माणूस हसतो.

माझं म्हणणं असं की हे हसणं चूक आहे. थंडी नुसत्या अंशांत मोजून भागत नाही. तिथले रस्ते, घरं, नळ किती अंशांसाठी बांधलेत त्यावर ती मोजावी लागते.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटाचं २८ जानेवारी २०१४ चं उदाहरण घ्या. बर्फ पडला जेमतेम दोन-अडीच इंच. आदल्या दिवशी सरसकट सुट्टी दिली गेली नव्हती. दुपारी बर्फ धरायला लागला तेव्हा शाळा, कंपन्या, सरकारी कचेऱ्या जवळपास एकदमच सुटल्या. सगळ्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर. चाकांखाली दबलेला बर्फ आधी वितळला, मग पाऱ्याबरोबर पुन्हा गोठून काच झाला. बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले. माणसांनी रात्र गाडीत काढली, मुलांनी शाळेत. म्हणजे आदल्या संध्याकाळीच शहर बंद ठेवणं हाच तिथला खरा बर्फ हटवायचा उपाय. रस्ता रिकामा असला तरच मिठाचा ट्रक फिरू शकतो.

आणखी एक. बर्फ सगळ्यात निसरडा शून्याच्या आसपास असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला तोच बर्फ कोरडा होतो, बुटाखाली करकरतो, टायरला धरतो. मिनेसोटातल्या मिनियापोलिसचा माणूस ज्या बर्फावर जानेवारीत गाडी चालवतो तो अटलांटाच्या बर्फापेक्षा सोपा असतो.

पान्हा

अटलांटाबद्दल सहमत, पण "तिथे तशी थंडी पडतच नाही" हा बचाव मी सरसकट मान्य करणार नाही. टेक्सास बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४५ लाख घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. हे अचानक कोसळलेलं संकट नव्हतं. दहा वर्षं आधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, तिथली वीजकेंद्रं अशीच थंडीने बंद पडली होती आणि केंद्रीय यंत्रणांच्या अहवालात काय करायचं ते लिहून दिलं होतं.

नेमकं काय गोठतं ते सांगतो. उत्तरेत वीजकेंद्राचा बॉयलर आणि टर्बाइन बंद इमारतीत असतात. टेक्सासात उन्हाळ्याची उष्णता निघून जावी म्हणून ते उघड्यावर बांधतात. बॉयलरमधला दाब आणि पाण्याची पातळी मोजायला बोटापेक्षा बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी साचून असतं. ती नळी गोठली की मापक चुकीचा आकडा दाखवतो आणि संरक्षण यंत्रणा अख्खा संच बंद करते. शेकडो मेगावॉट एका बारीक नळीपायी जातात. तिला विजेची गरम तार गुंडाळायची, वर इन्सुलेशन, त्यावर पाणी न शिरणारं पत्र्याचं आवरण, आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा. इन्सुलेशन ओलं झालं तर ते नसल्यासारखंच, म्हणून दर पावसाळी मोसमानंतर तपासणी. यात अवघड काहीही नाही.

तिकडे गॅसच्या विहिरींच्या तोंडाशी पाणी गोठलं, गॅस दाबणाऱ्या केंद्रांची वीजच कापली गेली, म्हणून वीजकेंद्रांना गॅस मिळेना. निम्म्याहून जास्त घरं विजेवर तापणारी, त्यामुळे मागणी त्याच वेळी शिखरावर. ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता (तिथे ती ६० हर्ट्झ असायला हवी) ५९.४ हर्ट्झच्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद होती. तीच ९ मिनिटं राहिली असती तर जनित्रं आपोआप सुटून अख्खं जाळं कोसळलं असतं.

आणि त्याच राज्यात एल पासोच्या वीज कंपनीने २०११ च्या फटक्यानंतर पैसे खर्च करून केंद्रं थंडीसाठी तयार केली होती. २०२१ मध्ये तिथे मोठा अंधार झाला नाही. मग बाकीच्यांना "सवय नाही हो" म्हणून सोडायचं?

गारवा

पान्हा, एल पासो टेक्सासच्या ग्रिडवर नाही, पश्चिमेकडच्या ग्रिडला जोडलेलं आहे. त्यामुळे शेजाऱ्याकडून वीज घेता येते. तुलना पूर्ण बरोबरीची नाही. बाकी तुमचा मुद्दा यंत्रणेला लागू होतो, घरात गारठणाऱ्या माणसाला नाही. मी हसू नका म्हणतो ते त्या माणसाला.

पान्हा

ग्रिडचा मुद्दा मान्य. पण शेजारून वीज आली तरी स्वतःची केंद्रं चालू राहिली ती तयारीमुळे, हे त्यातून पुसलं जात नाही.

उत्तरवाट

रस्त्याबद्दल गारवा यांनी अर्धंच सांगितलं. उत्तरेकडे नुसती यंत्रं जास्त आहेत असं नाही, सक्ती आणि शिस्तही आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते, त्यासाठी बर्फ पडायचीही गरज नाही. दक्षिणेत "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना" म्हणून लोक निघतात. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी सुटते लवकर, चढ चढते, पण थांबताना आणि वळताना पकड टायरचीच. पूल आधी गोठतात कारण त्यांना खालूनही वारा लागतो. हे कळायला मिनेसोटात जन्मावं लागत नाही. म्हणून माझं मत: शहर बंद ठेवा जरूर, पण निघायचंच असेल त्याने वेग निम्म्याखाली, पुढच्या गाडीपासून अंतर आठ-दहा सेकंदांचं, आणि उतारावर ब्रेकऐवजी खालचा गिअर, एवढं तरी शिकलेलं असावं.

मिठाबद्दलही गैरसमज फार आहेत. साधं खडेमीठ उणे ९ च्या खाली फारच संथ होतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड मिसळतात किंवा सरळ वाळू-खडी टाकतात. बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर २३ टक्के मिठाचं पाणी मारतात, म्हणजे २३ किलो मीठ आणि ७७ किलो पाणी. याच प्रमाणाला ते सर्वात कमी तापमानाला, उणे २१ ला, गोठतं. मीठ आणखी वाढवलं तर गोठणबिंदू उलट वर सरकतो. इथे मात्र दक्षिणेची अडचण खरी आहे. तिकडची वादळं बहुतेकदा पावसाने सुरू होतात आणि तो पाऊस आधी मारलेलं मीठपाणी धुऊन नेतो.

द्राक्षवेल

आपल्याकडचं बोलूया. ज्यांना "महाराष्ट्रात कसली थंडी" वाटतं त्यांनी भारतीय हवामान विभागाची थंडीच्या लाटेची व्याख्या बघावी. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असलं तर लाट. ४ किंवा खाली गेलं तर सरासरी न बघता लाट. डोंगराळ भागाला उंबरठा शून्याचा. आणि किनारपट्टीला १५ चा. म्हणजे १५ ला स्वेटर घालणारा मुंबईकर हवामान खात्याच्याच हिशेबात बसतो, सरासरीपेक्षा तेवढी घसरण असली म्हणजे झालं.

निफाडला पारा ४-५ वर आला की माणसापेक्षा द्राक्षाची काळजी. साखर भरत असताना मणी तडकतात. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक वाढला की थॉमसन सीडलेसचे हिरवे मणी गुलाबी पडतात. 'पिंक बेरी' म्हणतात ती हीच, आणि असा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून घड कागदात गुंडाळतात. पहाटे ठिबक चालू ठेवायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते, सावकाश सोडते. शेकोट्या पेटवताना चूक होते ती इथे: एक मोठा जाळ केला की गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा आत ओढली जाते. बांधाबांधाने लहान लहान, धुमसणाऱ्या शेकोट्या हव्यात. आणि खोलगट रानाकडे आधी बघायचं. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहत येऊन तिथेच साचते.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात तेव्हा "पारा तर ५-६ दाखवतोय, मग बर्फ कसला" असा वाद होतो. तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचं पातं आणि गाडीचं टप आभाळाकडे उष्णता टाकत त्याहून कितीतरी गार होतात. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

कानटोपी

इथे सगळे थंड प्रदेशातला माणूस काटक आणि उष्ण प्रदेशातला नाजूक, हे गृहीत धरून एकेकाची बाजू घेतायत. ते गृहीतकच उलटं आहे.

१९९७ मध्ये युरोविंटर नावाच्या संशोधक गटाने युरोपातल्या वेगवेगळ्या हवामानांच्या ठिकाणांची तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली. बाहेरचं तापमान १८ अंशांच्या खाली प्रत्येक अंशाने उतरताना मृत्यू किती वाढतात? दक्षिण फिनलंडमध्ये ०.२७ टक्के. अथेन्समध्ये २.१५ टक्के. जवळपास आठपट. आणि कारण? बाहेर ७ अंश असताना फिनलंडच्या बैठकीच्या खोलीत सरासरी २१.७ अंश होते, अथेन्समध्ये १९.२. त्याच ७ अंशांत बाहेर पडताना डोक्यावर टोपी घालणारे फिनलंडमध्ये ७२ टक्के, अथेन्समध्ये १३.

गारवा, तुम्ही रस्ते-नळ-यंत्रं म्हणता. टोपीला कोणतं अंदाजपत्रक लागतं? फिनलंडचा माणूस थंडी सोसत नाही, तो ती अंगाला लागूच देत नाही. जपानातही हेच दिसतं. उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइडोची घरं दुहेरी काचा आणि इन्सुलेशनमुळे आत उबदार असतात, आणि तिथून टोकियोला आलेली माणसं टोकियोच्या घरात गारठतात. तेव्हा माझा गारवा आणि पान्हा, तुम्हा दोघांनाही विरोध आहे. १५ अंशांत कानटोपी घालणारे आजोबा घाबरट नाहीत, उलट तेच फिनलंडच्या माणसासारखं वागतायत. चुकतो तो "एवढ्याला काय होतंय" म्हणून पहाटे पाचला बनियनवर फिरायला निघणारा. गारठ्यात कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त दाट होतं. थंडीतले बरेचसे जादा मृत्यू गोठून होत नाहीत, ते हृदयविकार, पक्षाघात आणि श्वसनाच्या विकारांनी होतात.

गारवा

टोपीचा मुद्दा बिनतोड आहे, मानला. पण खोलीचं तापमान टोपीसारखं फुकट मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या घरात भिंत सहा-नऊ इंच विटांची, खिडकी सरकती आणि फटीतून वारा येणारी, खाली फरशी. बाहेर १० असेल तर पहाटे आत १६-१७ होतात आणि तापवायची सोयच नसते. स्टॉकहोममध्ये बाहेर उणे १० ला घरात माणूस टी-शर्टवर बसतो. मग तो म्हणणार, "१० अंशांत तुम्हाला थंडी वाजते?" वाजते, कारण आपण चोवीस तास त्यातच असतो.

तोटी

नळांचा उल्लेख झाला म्हणून. डॅलस-ऑस्टिनकडच्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडेल.

मिनेसोटात घराचा पायाच साडेतीन ते पाच फूट खोल नेतात, पाण्याची मुख्य वाहिनी त्याहूनही खाली आणि घरातले नळ आतल्या भिंतींतून. टेक्सासात तेच पाइप छपराखालच्या माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. बाहेर उणे ६-७ च्या खाली काही तास राहिलं की असा पाइप धोक्यात. पाइप फुटतो तो बर्फाच्या जागी नव्हे. बर्फाची गुठळी पिस्टनसारखी पुढचं पाणी दाबत जाते, आणि गुठळी व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून फुटतो. म्हणून घरात पाणी जिथून शिरतं तिथून सर्वात लांबची तोटी, गरम आणि गार दोन्ही, पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक धार सोडून ठेवायची. धारेने पाणी गोठायचं थांबेलच असं नाही, पण दाब सुटतो. सिंकखालची कपाटं उघडी, बागेची रबरी नळी काढून ठेवलेली. वीज जाऊन घर गार पडायला लागलं तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तोटी उघडायची, पाइप रिकामे होतात. गोठलाच तर ज्योतीने तापवू नका. तोटी उघडी ठेवून केस वाळवायच्या यंत्राने, तोटीकडून सुरुवात करून गुठळीकडे जायचं.

कानटोपी

तोटी यांच्या यादीत एक भर, कारण माणसं यानेच मरतात. २०२१ ला टेक्सासात ऊब मिळावी म्हणून लोकांनी कोळशाची शेगडी आत घेतली, गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवली, जनरेटर दाराशी लावला. आपल्या उत्तर भारतात दर जानेवारीत बंद खोलीतल्या शेगडीने अशीच माणसं जातात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित वाटतात, तर तो वायू सर्वात जास्त धुमसत्या निखाऱ्यांतूनच येतो. काश्मिरी हमाम बघा: जाळ दगडी फरशीच्या खाली, लाकूड बाहेरून घालायचं, धूर धुराड्याने बाहेर. खोलीत येते ती फक्त उष्णता. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडकीकडे नाही. आणि शेगडीवर हात-पाय शेकायचे ते अंगणात. झोपायच्या खोलीत गोधडी आणि टोपी.