अनुभव धागा: सार्वकालिक जीवनाची आशा आणि आपलं रोजचं पाऊल

सगळ्यांना सलाम.

उपवासकाळात आमच्या वडगाव शेरीच्या घरगुती प्रार्थनासभेत पवित्र शास्त्रातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र वाचायला घेतलंय. परवा तिसरा अध्याय झाला. 'मर्यादेवरील खुणेकडे मी धावतो' हे वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. कॅलेंडरवर, दहावीच्या शुभेच्छापत्रावर, कुणाच्या निरोपसमारंभात ते हमखास भेटतं. पण पौल हे लिहितो तेव्हा बंदिवासात आहे. पहिल्या अध्यायात तो मरणाला लाभ म्हणतो, दुसऱ्यात त्याचा सोबती एपफ्रदीत आजारात मरता मरता वाचल्याचं सांगतो आणि तिसऱ्यात म्हणतो, मला अजून मिळालेलं नाही, मी अजून पूर्ण झालेलो नाही, म्हणून धावतो. जो स्वतः बंदिवासात आहे तो धावण्याबद्दल बोलतोय!

मला राहून राहून वाटतं की 'सार्वकालिक जीवन' हे शब्द आपण दफनविधीपुरते ठेवले आहेत. एरवी आठवडाभर ते तोंडातही येत नाहीत. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू तर सांगतो की, एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे त्याची सुरुवात आजच, इथे पुण्यात, आपल्या स्वयंपाकघरात आणि ऑफिसात झालेली असणार.

म्हणून विचारते: या आशेने तुमचं पाऊल प्रत्यक्षात कधी पुढे पडलं? प्रवचन लिहू नका, ते रविवारी ऐकतोच. घडलं ते लिहा. माणसांची आणि मंडळ्यांची नावं टाळा. विश्वास डळमळला असेल, तर तेही इथे लिहायला जागा आहे.

खडकीहून, शिवणकाम करणारी

ताई, ह्याच अध्यायाबद्दल माझं एक दुखणं आहे. 'मागील गोष्टी विसरून' हे मला किती जणांनी ऐकवलं असेल! माझे मिस्टर पूर्वी फार प्यायचे. आता सोडली आहे, देवाची कृपा. पण ज्या दिवशी सोडली त्या दिवसापासून नातेवाईक माझ्याच मागे लागले. आता विसर, पौल काय म्हणतो बघ. मी अजूनही घरखर्चाचे पैसे ज्वारीच्या डब्यात तळाशी ठेवते. हात आपोआप तिकडेच जातो.

आमच्या बहिणींच्या सभेत पाळकबाईंनी तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला लावला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की पौल मागे काय टाकतोय. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांचा इब्री, परूशी, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. सगळी मानाची पदं! ज्याचा त्याला अभिमान होता ते तो केरकचरा समजतो. माझ्या पाठीवरचे वळ त्या यादीत नाहीत. दुसऱ्याने केलेली जखम विसरून जा, असं ते वचन मला सांगत नाही. हे समजलं त्या रात्री मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

माझी आशा प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातली आहे, देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील. पुसायचे म्हणजे त्याने ते पाहिलेले असणार, हो ना? मग मी नाही विसरले तरी चालतं. हिशोब त्याच्याकडे आहे. त्या भरवशावर मी यंदा मिस्टरांबरोबर एका बाकावर बसून प्रभुभोजन घेतलं. इतकी वर्षं मी बायकांच्या बाजूला मागे बसायचे.

(धागा काढणारी लिहितेय. तुमचं लिहिणं मी आमच्या सभेत वाचून दाखवणार आहे, परवानगी आहे असं धरते. हे वचन दुखावलेल्या माणसावर उगारलं जातं हे मीही पाहिलंय, आणि ते चूकच आहे.)

नाना पेठेतून, कबरस्तान समितीवरचा

मी मोठा लिहिणारा नाही, पण विषय माझ्या कामाचा आहे. आमच्या मंडळीच्या कबरस्तानाची नोंदवही माझ्याकडे असते. नाव, वय, मरणाची तारीख, दफनाची तारीख, कबर क्रमांक, पाळकसाहेबांची सही. जागा अपुरी, त्यामुळे बहुतेक वेळा घराण्याचीच जुनी कबर पुन्हा उघडावी लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधत बसावं लागतं. वीतभर खाली गेलं की मुरूम लागतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, बादलीने उपसावा लागतो. लोकांना वाटतं हे उदास काम आहे. मला कधी तसं वाटलं नाही.

२०२१ चा एप्रिल मात्र वेगळा होता. ॲम्ब्युलन्स दारात उभी राहायची, आतली मंडळी पीपीई किटमध्ये, पार्थिव प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तोंड बघायची सोय नाही. घरचे कुणी क्वारंटाइनमध्ये, कुणी स्वतःच दवाखान्यात. परदेशातल्या मुलांना दिसावं म्हणून आम्ही कुणीतरी मोबाइल धरून उभं राहायचो. घाम किटच्या आत गुडघ्यापर्यंत ओघळायचा आणि चश्म्यावर वाफ धरायची, त्यामुळे उपासनेच्या पुस्तकातली अक्षरं दिसायची नाहीत. मग पाठ असलेलंच म्हणायचं. घरी बायकोला शुगर. मी मागच्या दाराने यायचो, अंगणातच आंघोळ करायचो आणि वेगळ्या खोलीत झोपायचो. भीती वाटायची. खूप वाटायची.

एका आजींचं कुणीच नव्हतं. आले ते फक्त दवाखान्याचे दोघे. त्या दिवशी पाळकसाहेब स्वतः तापाने पडलेले. आमचे खड्डा खोदणारे मामा म्हणाले, "साहेब, लवकर उरका, अजून दोन यायच्यात." मी म्हणालो, मामा, पूर्ण विधी होणार. आणि पूर्ण केला. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला. अठ्ठावन्न वचनं आहेत. पौल त्यात ख्रिस्ताच्या उठण्यापासून सुरुवात करतो, कोणी कोणी त्याला पाहिलं ते सांगतो, पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देतो, शेवटचा कर्णा वाजवतो, 'अरे मरणा, तुझा विजय कोठे' असं मरणालाच विचारतो. आता यानंतर माणूस काय सांगेल? डोळे मिटा, वाट बघा? नाही. शेवटचं वचन कामाचं आहे. म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात सतत पुढे जा, कारण तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

त्या खड्ड्याशी उभा राहून मला ते 'म्हणून' पहिल्यांदा दिसलं. मेलेले उठणार आहेत, म्हणून आजचं दफन नीट करायचं. त्या आजी उठणार आहेत, म्हणून त्यांचं नाव वहीत शुद्ध लिहायचं, स्पेलिंग तपासून. त्यानंतर भीती गेली असं म्हणणार नाही, पण काम सोडून पळावंसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही खराटे, विळे आणि चुना घेऊन सगळ्या कबरी साफ करतो, म्हणजे पहाटेच्या उपासनेला आलेल्यांना वाट मिळते. ज्यांचं कुणी येत नाही त्या कबरी आधी. कुणालाही यायचं असेल तर या, सात वाजता.

हिंजवडी, मंडळी पिंपरीत

थोडक्यात. गेल्या वर्षी नोकरी गेली. फ्लॅटचा हप्ता चालू, लहान मुलगी. आशेने हप्ता भरला नाही, तो सासऱ्यांनी भरला, हे आधी स्पष्ट सांगतो. पण लिंक्डइनवर स्वतःच्या नावापुढे काय लिहायचं हे सुचत नव्हतं, तेव्हाही रविवारी संडे स्कूलची मुलं "सर, आज कुठली गोष्ट?" म्हणून धावत यायची. त्यांनी मला हुद्दा विचारला नाही. देवही विचारणार नाही. आता दुसरी नोकरी आहे, हुद्दा आधीपेक्षा खालचा. संडे स्कूल सोडलेलं नाही.

घोरपडीहून

लिहू की नको असं करत आठवडा गेला. 'डळमळला असेल तर तेही लिहा' असं म्हटलंत म्हणून लिहिते.

माझी मुलगी गेली. लहान होती. भेटायला आलेले म्हणाले, देवाला त्याच्या बागेत हे फूल हवं होतं. मला तेव्हा त्या माणसाला घराबाहेर काढावंसं वाटलं. मी अजून देवळात जाते. पण उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन' आलं की माझं तोंड बंद होतं. खोटं म्हणवत नाही. पुढे धावणं वगैरे माझ्याच्याने होत नाही, मी कशीबशी उभी आहे. तुम्ही सगळे छान लिहिता आहात. माझ्याकडे सध्या एवढंच आहे.

(ताई, धागा काढणारी लिहितेय. 'फूल हवं होतं' हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठेही नाही, ते मनातून काढून टाका. बेथानीत येशूचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी काय घडलं ते मात्र शास्त्रात आहे. पुनरुत्थान व जीवन मीच आहे असं लाजराची बहीण मार्था हिला सांगणारा, थोड्याच वेळात लाजराला हाक मारून उठवणार हे ठाऊक असणारा येशू तिथे रडला. आशा असलेला माणूस रडत नाही, असं तो मानत नव्हता. पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असं म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच म्हणतो.)

वानवडीहून, निवृत्त नर्स

घोरपडीच्या बाई, तुम्ही गप्प उभ्या राहा. ते वाक्य आम्ही म्हणतो. माझा मुलगा गेला तेव्हा माझ्या उजव्या हाताला एक म्हातारे दादा उभे असायचे, बेसूर आणि खड्या आवाजाचे. वर्षभर माझा विश्वासांगीकार त्यांनीच म्हटला. मंडळी कशासाठी असते दुसरी? धावणाऱ्यांनी उभ्या असलेल्यांना मागे ठेवून पुढे निघून जायचं नसतं. संध्याकाळी मी घरी असते, चहाला या. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

हडपसर, मूळचा केडगावचा

घोरपडीच्या ताईंसाठीच लिहितो. तुलना करत नाही, फक्त आठवलं ते सांगतो. माझी पणजी मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी केडगावला काढलेल्या आश्रमात वाढली. दौंडकडच्या गाडीने केडगावला उतरलं की आजही माणसं मिशनचा रस्ता दाखवतात. पंडिता रमाबाईंचं विद्वान म्हणून, विधवांचा आधार म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांची शेवटची वर्षं आपल्यात फार बोलली जात नाहीत.

रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोनच वर्षांच्या आत नवरा. राहिली एकुलती एक मुलगी, मनोरमा. आपल्यामागे मिशन तिनेच सांभाळायचं, असं ठरलेलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमाही गेली. तेव्हा रमाबाई साठी ओलांडलेल्या, शरीर थकलेलं, आणि हातात हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचं काम. कमी शिकलेल्या बायकांनाही समजावं म्हणून घेतलेलं. त्यांनी ते सोडलं नाही. शेवटपर्यंत त्यावरच बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, मुलीनंतर नऊ महिन्यांच्या आत.

त्या दिवसांत त्यांना आत काय वाटत होतं हे मी सांगू शकत नाही. पण वरून पाहणाऱ्याला त्या फक्त टेबलाशी बसलेल्याच दिसल्या असतील. मला वाटतं कधीकधी धावणं तसंच दिसतं.

येरवडा, निवृत्त शिक्षक

माझं वय आता ऐंशीच्या पुढे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. बाह्य देह क्षय पावतो आणि अंतरात्मा दिवसेंदिवस नवा होतो, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं वाक्य मी तरुणपणी मुलांना शिकवलं, कळलं आता.

आमचा नातू इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. मराठी बोलतो फाडफाड, वाचताना मात्र दम लागतो. ही पुण्यातल्या आपल्या घराघरांतली गोष्ट आहे आणि मला तिची फार काळजी वाटते, कारण उद्या मराठी उपासनेत बाकावर कोण बसणार? म्हणून आम्ही दोघांनी कुटुंबप्रार्थनेत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घेतला आहे. तो वाचतो, मी ऐकतो. एकदा दुसरीकडे आलेलं 'पुनरुत्थान' त्याने आधी 'पुनरथान' वाचलं. मी बोट ठेवून रु, त् आणि था वेगळे करून दाखवले, मग त्याने तो शब्द तीनदा मोठ्याने म्हटला, इतका मोठ्याने की सून आतून बघायला आली. एका संध्याकाळी दोन-तीनच वचनं होतात. होऊ देत.

परवा त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला मरायची भीती वाटते का?" मी म्हणालो, दुखण्याची वाटते, मरणाची नाही. ज्याला मी इतकी वर्षं ओळखतोय त्याच्याकडेच जायचंय. त्याने मान हलवली आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. सध्या अठराव्यावर आहोत, आताची दुःखं आणि पुढचं गौरव. अध्यायात एकोणचाळीस वचनं आहेत. तो संपला की त्याला योहान वाचायचा आहे, त्याचा त्यानेच निवडलाय. घोरपडीच्या बाई, आम्ही दोघे रोज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करू. आणि नाना पेठेतल्या दादा, शनिवारी नातवाला घेऊन येतो. मला वाकता येणार नाही, पण चुन्याची बादली धरून उभा राहीन आणि दगडांवरची नावं तो वाचेल.